न थांबणारी आज्ञावली

‘व्हिम’ या मजकूर-संपादकासाठीं आमचे कांहीं विद्यार्थी हल्लीं आज्ञावल्या, म्हणजे स्क्रिप्ट, लिहितात. मजकूर बदलतांच तो नीटनेटका करणारी आज्ञावली त्यांस विशेष प्रिय. पण नीटनेटका करणें हाही बदलच. त्यामुळें ती स्वतःलाच पुनःपुन्हां हांक मारूं शकते.

यावर मुलें आरंभीं एक खूण उभारतात व शेवटीं उतरवितात. खूण दिसल्यास आंत शिरावयाचें नाहीं. परंतु सन २०१६ च्या आठव्या आवृत्तींत टायमर आला. काम ‘मागाहून कर’ असें सांगून आज्ञावली तत्काळ परतते, खूण उतरते, आणि खरा बदल त्यानंतर होतो! मग पहारा कसला? प्रत्येक फेरी क्षणार्धांत संपत असल्यानें कंट्रोल-सी दाबूनही चक्र थांबत नाहीं.

अशा वेळीं व्हिम बंद करून पुन्हां उघडणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. न जपलेलें लेखन जातें, आणि दोष राहतो. बदलागणिक वाढणारा ‘चेंज्डटिक’ हा आंकडा दर फेरीस वेगळ्या फाइलींत नोंदवावा (त्याच मजकुरांत नव्हे, नाहीं तर नोंदच नवा बदल ठरेल!). पालकांनीं ही नोंद न्याहाळीत बसलेल्या मुलास आळशी समजूं नये. कोणता बदल चक्र फिरवितो हें तींतूनच कळतें. मग जुना व नवा मजकूर ताडून, फरक असेल तरच लिहावें. बदलण्याजोगें कांहीं उरलें नाहीं कीं चक्र आपणच थांबतें.