चित्र बघून काढावे

आमच्या वर्गात चित्रकलेचा तास शनिवारी असतो. गुरुजी म्हणाले, "काढा तुम्हाला आवडेल ते," की जवळजवळ सगळी मुले एकच चित्र काढतात. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, बरोबरच्या खुणेसारखे पक्षी, नदी, झोपडी आणि बाजूला नारळाचे झाड. मी पण तेच काढायची. तिसरीच्या वहीत माझे अकरा सूर्य उगवलेत, मी मोजले.

आता मला असे वाटते की चित्र बघून काढावे. का ते सांगते. आमच्या गावात नारळाचे झाड एकच आहे, ते पण देवळाच्या मागे. बाकी सगळा ऊस. आणि शाळेच्या व्हरांड्यातून जो डोंगर दिसतो त्याला टोकच नाही. तो वरून सपाट आहे, परात पालथी घातल्यासारखा. गुरुजींनी सांगितले, फार पूर्वी, माणसे नव्हती तेव्हा, जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला आणि थरावर थर बसले. म्हणून आपल्याकडचे पुष्कळ डोंगर माथ्याला सपाट आणि अंगाला पायऱ्या असलेले. मग टोकाचे डोंगर आम्ही आणतो कुठून? एकमेकांच्या वहीतून!

मी पहिल्यांदा बघून काढली ती मुंगी. आधी मी मुंगीला चार पाय काढायची, म्हशीसारखे. एकदा गुळाच्या खड्याला मुंग्या लागल्या म्हणून मी तो खडा पायरीवर ठेवला आणि पालथी पडून बघत बसले. मुंगीला सहा पाय असतात. ते सगळे तिच्या मधल्या भागाला असतात, पोटाला एक पण नसतो. पुस्तकात होते, पण तेव्हा मी नुसते पाठ केले होते. चित्र काढताना पाय कुठे जोडायचा ते बघावेच लागते, नाही बघितले तर पेन्सिल थांबते.

मग जास्वंद काढली. पाकळ्या पाच, हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्रत्येक पाकळीची एक कड वर असते आणि दुसरी कड शेजारणीच्या खाली गेलेली असते. मधल्या लांब दांडीवर पिवळी पूड, आणि अगदी टोकाला पाच लाल ठिपके, मखमलीसारखे. आमच्या अंगणात ते झाड मी जन्मायच्या आधीपासून आहे, आणि ठिपके मला या पावसाळ्यात दिसले.

सगळ्यात चांगले चित्र आजीच्या चष्म्याचे झाले. त्याची एक काडी मोडलीय, तिला पांढरा दोरा गुंडाळलाय. दोरा काढायला मला फार वेळ लागला, कारण त्याचा प्रत्येक फेर वेगळा दिसतो आणि शेवटी गाठ आहे. चित्रे बघायला एक पाहुणे आले होते. ते म्हणाले, "छान आहे, पण तो दोरा खोडून टाक, बरा दिसत नाही." मुले हसली. मला रडू आले होते, पण मी दोरा खोडला नाही. दोरा खोडला तर तो दुकानातला चष्मा होईल, आजीचा कसा राहील?

काही जण म्हणतात, सीनरी सोपी असते, पटकन होते आणि रंग भरायला मिळतात. ते खरे आहे. माझी पण रंगपेटी संपलीय, नुसता पांढरा खडू शिल्लक आहे. पण बघून काढायला पेन्सिल पुरते, आणि चुकले की पाटीवर आधी काढून बघता येते. गुरुजींकडे दोन वर्ग असतात, ते एकेकाजवळ बसू शकत नाहीत. पण वस्तू समोर असली की चूक तीच दाखवते. मोठ्या शाळेत एलिमेंटरीची परीक्षा असते, तिच्यात समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायचा पेपरच असतो. आणि कोल्हापूरला आबालाल रहिमान नावाचे मोठे चित्रकार होऊन गेले. ते १९३१ साली वारले. ते कोटितीर्थ तळ्याची चित्रे पुन्हा पुन्हा काढायचे, असे गुरुजी म्हणाले. एकच तळे! आणि आम्हाला एक वांगे दोनदा काढायचा कंटाळा.

म्हणून माझी विनंती आहे की या भित्तिपत्रकाची एक बाजू बघून काढलेल्या चित्रांना द्यावी. दर शनिवारी एकाने घरून एक वस्तू आणायची. विळी नको, लागते. कुलूप, चाळण, कणीस, काहीही चालेल. सीनरीवाल्यांनी दुसऱ्या बाजूला लावावे, आमचे भांडण नाही.

चष्म्याचे चित्र पुरे झाल्यावर मी पळत जाऊन आजीला दाखवले. ती म्हणाली, "आधी माझा चष्मा दे बाई, सकाळधरनं शोधतीया. त्याबिगर काय दिसतंय मला!"

— इयत्ता चौथी