शरणपूरच्या थडग्यांची नोंद कोण ठेवणार?

२०२६-२७ चा सिंहस्थ दृष्टीपुढे ठेवून नाशकात रस्ते, पूल आणि घाट यांची जी चर्चा सुरू झाली, तिच्या अनुषंगाने या नगरीच्या पुरातन वारशाचाही पुष्कळ उच्चार होत असतो. त्या वारशाची यादी जणू ठरून गेलेली आहे : रामकुंड, काळाराम, पंचवटी, पांडवलेणी आणि गोदातीरावरील पेशवेकालीन मंदिरे. या यादीविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु तीत न बसणारे एक स्थळ शहराच्या भर वस्तीत आहे. त्याच्या नावाच्या रस्त्यावरून रोज हजारो नागरिकांची ये-जा चालते. आणि तरीही ते स्थळ म्हणजे काय, असे विचारले असता शंभरांतील एकाला तरी धड उत्तर देता येईल की नाही याची आम्हांस शंका आहे. हे स्थळ म्हणजे शरणपूर. तेथील जुन्या ख्रिस्ती दफनभूमीचा प्रश्न आज आम्ही मुद्दाम पहिल्या पानावर घेत आहोत.

शरणपूर या नावातच त्याची जन्मकथा सांगितलेली आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ मध्ये सुरू झाले. पुढे १८५४ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी त्या वेळच्या गावाबाहेर ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक स्वतंत्र खेडे वसविले. धर्मांतरामुळे घरदार आणि जातगोत यांना मुकलेल्या माणसांचा आसरा, म्हणून ते शरणपूर. परंतु लवकरच तेथे अशी माणसे शरण आली की ज्यांनी नाशिक हे नावही पूर्वी ऐकलेले नव्हते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांची खेप घेऊन अरबस्तानाकडे निघालेली गलबते ब्रिटिश आरमार समुद्रात अडवीत असे. त्यांतून सोडविलेल्या मुलांपैकी कित्येकांना मुंबईस उतरविण्यात येई आणि काहींची रवानगी शरणपूरच्या आश्रमात होई. गाव कोणते, आईबाप कोठे, हेही ज्यांना पुरते सांगता येत नसेल अशी ती पोरे गोदावरीच्या काठी वाढली. सुतारकी, लोहारकी, शेती शिकली, लिहावाचावयास शिकली, आणि मिशनने ठेवलेली नवी नावे धारण करून जगात वावरू लागली.

त्यांच्यापैकी जेकब वेनराइट याची हकीकत वाचकांस मुद्दाम सांगण्याजोगी आहे. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ साली मुंबईस आले, तेव्हा त्यांनी आपल्या आफ्रिकेतील मोहिमेसाठी नाशिकच्या या आश्रमातील काही तरुण निवडले. १८७२ साली त्यांच्या मदतीस आणखी एक तुकडी धाडण्यात आली, तीत वेनराइट होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आज झांबियात मोडणाऱ्या प्रदेशातील एका खेड्यात लिव्हिंगस्टन मरण पावले. त्यांचे सोबती चुमा, सुसी आणि ही नाशिककर मंडळी यांनी त्यांचे हृदय एका वृक्षाखाली पुरले. त्या वेळची प्रार्थना म्हटली ती वेनराइटने, आणि वृक्षाच्या खोडावर लिव्हिंगस्टन यांचे नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. मौजेची गोष्ट अशी की त्याच खोडावर त्याने तिघा आफ्रिकी सोबत्यांची नावेही कोरून ठेवली. त्यानंतर हा काफिला मृतदेह घेऊन हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत समुद्रकिनाऱ्यास पोहोचला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता. मृत्यूच्या त्या प्रसंगाची एका आफ्रिकी माणसाने स्वहस्ते लिहिलेली हकीकत त्याच्याच रोजनिशीत आढळते. ती स्कॉटलंडमधील लिव्हिंगस्टन यांच्या जन्मस्थळाच्या संग्रहात सांभाळून ठेवलेली आहे. ज्या खोडावर ती अक्षरे कोरली होती, त्याचा तेवढा भाग पुढे तोडून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेण्यात आला.

मृताचे नाव कोरून ठेवले पाहिजे, हे ज्या मुलाला शरणपुरात उमगले, त्याच्या शरणपुरात आज काय आहे? १८७३ साली झांजिबारच्या सुलतानाशी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह झाला. १८७५ साली प्राइस यांनी मोंबासाजवळ मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने वसाहत उभारली, तेव्हा येथील आफ्रिकी मंडळी तिकडे गेली आणि नाशिकचा आश्रम मोडला. पूर्व आफ्रिकेत या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' असे म्हणत. गुलामांची गलबते दिसताच इशारा देणारी फ्रिअर टाउनची घंटा मोंबासात आजही जतन केलेली आहे. तिच्यावरून त्या भागाला केंगेलेनी असे नाव पडले. लंडनमध्ये २००७ साली या लोकांच्या जीवनावर खास प्रदर्शन भरविण्यात आले. मोंबासाने लक्षात ठेवले, लंडनने लक्षात ठेवले. नाशकात मात्र एका रस्त्याचे नाव एवढीच खूण बहुतेकांच्या परिचयाची उरली आहे. जी मुले परत गेली त्यांचा इतिहास तिकडे लिहिला गेला. परंतु वीस वर्षांच्या त्या अवधीत जी येथेच दगावली असतील, त्यांना याच मातीत विसावा मिळाला असणार. मलिक अंबर हाही आफ्रिकेतून गुलाम म्हणूनच आला होता. तो निजामशाहीचा वजीर झाला, म्हणून १६२६ साली मरण पावल्यावर त्याच्यासाठी खुलताबादेस घुमट उभा राहिला. शरणपूरच्या पोरांच्या नशिबी घुमट असण्याचा संभवच नव्हता.

आफ्रिकी मुले गेली तरी शरणपूर राहिले. मराठी ख्रिस्ती समाजाच्या कित्येक पिढ्या तेथे नांदल्या. शिक्षक, परिचारिका, कारागीर आणि धर्मोपदेशक त्या पिढ्यांतून निपजले. नाशिकजवळच्या जलालपुरात १८६८ साली जन्मलेल्या आणि १९३६ साली नाशकातच निवर्तलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहून या समाजाचे अंतरंग मराठी वाचकांपुढे ठेवले, आणि ते पुस्तक आपल्या वाङ्मयाचे भूषण ठरले. पण ज्या समाजातून ते निर्माण झाले त्याच्या सामान्य घरांचा इतिहास कोठे पाहावा? त्यांच्या वतनाच्या सनदा नाहीत, दप्तरे नाहीत. जन्ममृत्यूचे सन, मूळ गाव, नाते, क्वचित व्यवसाय, एवढी माहिती असते ती थडग्यावरच्या दगडात आणि चर्चच्या जुन्या दफन-वहीत.

ज्या शहरात हा प्रश्न उपस्थित होतो ते शहर मृतांच्या स्मरणासाठीच भारतभर ओळखले जाते, हे विशेष होय. रामकुंडात अस्थी विसर्जन करण्यास देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक येतात; १९४८ साली गांधीजींच्या रक्षेचा काही अंश येथेच विसर्जित झाला. देह अग्नीला आणि रक्षा पाण्याला दिली म्हणजे हिंदूंच्या मृतांची खूण उरत नाही, असे मात्र नाही. येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यानुपिढ्यांची नामावळी उतरलेली असते आणि नातू आपल्या पणजोबांच्या हातची सही त्यांत पाहून सद्गदित होतो. आमच्याकडे स्मरण वहीत राहते, त्यांच्याकडे दगडात, इतकाच काय तो फरक. आणि तो फरकही पुरता खरा नाही. संन्याशाला समाधी देतात, लिंगायत समाज दफन करतो, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. दफन म्हणजे परकीयांचा रिवाज, ही समजूत अज्ञानमूलक आहे.

दगडावरील अक्षरांची योग्यता नाशिककरांस तरी पटवून द्यावयास नको. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. एका वृद्ध राजमातेने आपल्या पराक्रमी पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणवर्णन तेथे कोरविले. तो लेख नसता तर सातवाहनांच्या इतिहासातील ते पर्व आपल्याला जवळजवळ अंधारातच चाचपावे लागले असते. भाऊ दाजी लाड आणि भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात येथील लेख वाचले, ठसे घेतले, अर्थ लावला. नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८३ साली प्रसिद्ध झाले, त्यात भगवानलालांच्या या श्रमाचे फळ पाहावयास मिळते. राजमातेचा लेख दोन हजार वर्षे कातळाच्या आडोशाला टिकला. उघड्यावरच्या थडग्यांचे आयुष्य तसे नसते. संगमरवरात बसविलेली शिशाची अक्षरे एकेक करून गळतात, वाळूचा दगड पापुद्र्यांनी सुटतो, पिंपळाचे मूळ चौथरा फोडते, आणि शंभर-सव्वाशे पावसाळ्यांत नाव पुसून जाते.

येथे एक विषमता ध्यानात घेण्याजोगी आहे. कंपनी सरकारच्या आणि त्यानंतरच्या काळात मुंबई इलाख्यातील प्रामुख्याने युरोपियनांच्या दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला धाडल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दक्षिण आशियातील युरोपियन दफनभूमींची माहिती गोळा करण्यासाठी १९७६ साली लंडनमध्ये एक संस्थाही निघाली. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या सैनिकांची काळजी राष्ट्रकुलाच्या युद्धदफन आयोगाने वाहिली. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या कबरींची निगा कायम राखणे शक्य नव्हते, तेथील दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांचे अवशेष पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानात आणण्यात आले, आणि पहिल्या महायुद्धातील अठराशेंहून अधिक नावे तेथील स्मारकावर कोरण्यात आली. म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याचा किंवा शिपायाचा दगड उद्या भंगला तरी त्याचे नाव कोठे ना कोठे सापडेल. शरणपूरच्या मराठी सुताराचे किंवा गलबतातून सोडविलेल्या मुलीचे नाव मात्र येथे पुसले की जगातूनच पुसले. या कामी कोणी परदेशी संस्था धावून येईल, अशी वाट पाहणे व्यर्थ आहे. ती माणसे आपली होती.

आता आक्षेपांकडे वळू. ही सर्व परकीय सत्तेची अवशिष्ट चिन्हे. त्यांच्यासाठी लोकांचा पैसा आणि वेळ का खर्चावा, असा प्रश्न काही जण विचारतील. तो प्रश्न देशाभिमानातून येतो, म्हणून त्याचा उपहास करता कामा नये. याच नाशकात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांना गोळी घातली आणि पुढल्या एप्रिलात ते आपल्या दोघा सहकाऱ्यांसह ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढले. शहराने मैदानाला कान्हेरे यांचे नाव दिले, ते यथायोग्यच केले. परंतु राज्यकर्त्यांच्या थडग्यांवरचा राग शरणपूरच्या दगडांवर काढणे म्हणजे पत्ता चुकणे होय. तेथे सत्ताधीश निजलेले नाहीत. बव्हंशी सत्तेच्या, जातीच्या किंवा गुलामगिरीच्या जात्यात भरडलेली माणसे निजली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे आणि आम्हांस तो वजनदार वाटतो. दफनभूमी ही त्या समाजाची, आणि ती चालती जागा आहे. वाढत्या शहरात दफनाला जमीन मिळत नाही, जुन्या जागी नव्यांना विसावा द्यावा लागतो. आणि आपल्या आप्तांच्या कबरींभोवती सरकारी अंमलदारांनी किंवा हौशी फिरस्त्यांनी वावरावे, हे कोणालाही रुचणार नाही. म्हणूनच ती जागा कुंपण घालून प्रदर्शनीय करावी, अशी सूचना आम्ही करीत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत दफनस्थळ आणि शिलालेख यांचा स्पष्ट उल्लेख असून शंभर वर्षांची मुदत घातलेली आहे. पण राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली मोजकी स्थळेच त्या छत्राखाली येतात, आणि सामान्यांच्या थडग्यांना तो मान कधी मिळेल अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. तूर्त जतनापेक्षाही नोंद अगत्याची आहे. दगड हलवावा लागला तर हलवावा; पण त्यावरचे नाव, सन आणि मजकूर उतरून घेतल्यावाचून तो हलवू नये, एवढा एक दंडक चर्चच्या विश्वस्तांनी स्वतःहून घालून घेतला तरी निम्मे काम झाले. हाच दंडक शहरातील जुन्या कब्रस्तानांस आणि गोदाकाठच्या बिननावाच्या समाध्यांसही लागू करता येईल. तेथील लेखही कोणी उतरून घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या कामाला फार मोठा निधी लागत नाही. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय नाशकात आहे. १९२४ साली स्थापन झालेले हं. प्रा. ठा. महाविद्यालय शरणपूरपासून फारसे लांब नाही. तेथील इतिहास आणि मराठी या विषयांच्या विद्यार्थ्यांना एका हिवाळ्यात पुरेल एवढेच हे काम आहे. प्रत्येक दगडाचे छायाचित्र, मजकुराची जशीच्या तशी नक्कल, जागेचा कच्चा नकाशा, आणि चर्चने परवानगी दिल्यास दफन-वहीशी पडताळा. तयार झालेल्या नोंदीची एक प्रत चर्चकडे, एक वाचनालयात आणि एक महापालिकेच्या दप्तरी राहावी. समाजातील वृद्ध स्त्री-पुरुषांना सोबत घ्यावे. कोणती कबर कोणाची हे दगडावर नसले तरी त्यांच्या आठवणीत असते, आणि ती आठवण दगडाहूनही लवकर जाते. पावसाळ्यातील शेवाळ वाळल्यावर, मार्गशीर्ष-पौषातील सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. त्या दिवसांत चर्चची संमती हाती असावी, म्हणून विश्वस्तांकडे विनंतीपत्र दसऱ्यापूर्वीच गेले पाहिजे.