मंडळीची वही ही ठेव आहे

गतवर्षीं एका रविवारीं आम्ही एका मंडळीच्या उपासनेस हजर होतों. ती मंडळी कोणती, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. विनंतीच्या प्रार्थनेची वेळ आली तेव्हां एक सद्गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनीं मोठ्या कळवळ्यानें एका कुटुंबासाठीं प्रार्थना केली. घरधन्याची नोकरी गेली आहे, घरभाडें थकलें आहे, मुलाच्या फीचीही पंचाईत आहे, असें सर्व त्यांनीं देवाला नांवनिशीवार सांगितलें. देवाला तें आधींच ठाऊक होतें. मंडळीला मात्र तें त्या दिवशीं कळलें. त्या घरचा मुलगा तिसऱ्या बांकावर बसला होता. त्यानें मान खालीं घातली ती आशीर्वाद होईपर्यंत वर केली नाहीं. सायंकाळीं तीच विनंती मंडळीच्या व्हॉट्सॲप समूहावर आली, आणि सोमवारीं वर्गांतील दोन मुलांनीं त्याला त्याविषयीं विचारलें. पुढच्या रविवारीं तिसऱ्या बांकावरील ती जागा रिकामी होती.

प्रार्थना करणाऱ्याच्या मनांत कपट नव्हतें, अशी आमची खात्री आहे. आणि म्हणूनच हा प्रसंग लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. द्वेषानें केलेली चहाडी कोणासही ओळखतां येते. प्रेमाचा वेष घेऊन आलेली चहाडी ओळखणें कठीण, आणि ती थांबविणें त्याहून कठीण.

मंडळीला आपल्या सभासदांविषयीं किती माहिती असते, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. जन्माची तारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांचीं नांवें, विवाह, मृत्यु, राहण्याचा पत्ता, मोबाइलचा नंबर, कोणीं किती वर्गणी दिली आणि कोणाची थकली, हें सर्व कागदावर असतें. कोणाच्या घरीं कोणता आजार आहे, कोणत्या नवराबायकोंत बेबनाव आहे, कोण दारू सोडूं पाहत आहे, हें कागदावर नसलें तरी पाळकांस व वडिलांस ठाऊक असतें. सरकारी कचेरीस यांतील थोडें कळतें, डॉक्टरास थोडें, बँकेस थोडें. मंडळीस मात्र सगळें एके ठिकाणीं कळतें. आणि हें कोणीं जुलमानें काढून घेतलेलें नसतें. मनुष्यानें विश्वासानें स्वतः आणून दिलेलें असतें.

विश्वासानें आणून दिलेल्या वस्तूस आपल्या भाषेंत ठेव म्हणतात. आमचें सारें म्हणणें या एका शब्दांत आहे. सभासदांची माहिती ही मंडळीची मालमत्ता नव्हे. ती सभासदांची ठेव आहे. ठेवीचे नियम आपल्या आजीआजोबांसही ठाऊक होते. ठेव ज्याची त्याचीच राहते. ज्या कामासाठीं ठेवली त्याच कामास ती लावावयाची. आणि मालकानें विचारलें म्हणजे सांभाळणाऱ्यानें हिशेब द्यावयाचा. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचा मंडळीशीं संबंध नाहीं, त्यांनीं भजनी मंडळ, ज्ञातिसंस्था, गृहनिर्माण सोसायटी किंवा आमच्याच शाळेचें रजिस्टर डोळ्यांपुढें आणावें. नियम तोच आहे.

मंडळीची वही कांहीं आजची नव्हे. इंग्लंडांत आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानें इ. स. १५३८ मध्यें असा हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशच्या पाळकानें आठवड्यांत झालेले बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांची नोंद दर रविवारीं एका पुस्तकांत करावी. नोंदीच्या वेळीं चर्चचे कारभारी साक्षीस असावे, आणि पुस्तक एका बळकट पेटींत ठेवावें. त्या पेटीस दोन कुलपें असावीं. एकाची किल्ली पाळकाजवळ, दुसऱ्याची कारभाऱ्यांजवळ. नोंद करण्यास जो चुकेल त्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड. हा हुकूम निघतांच लोकांत मोठी धास्ती पसरली कीं, आतां बाप्तिस्म्यावर व विवाहावर नवा कर बसणार. तसा कर त्या वेळीं बसला नाहीं. परंतु त्या शंकेस आम्ही अडाणीपणा म्हणणार नाहीं. आपलें नांव जो लिहून घेतो तो पुढें त्याचें काय करणार, हें विचारण्याचा हक्क नांव देणाऱ्यास आहेच. आणि त्या दोन किल्ल्यांची योजना आम्हांस फार आवडते. एकट्या पाळकासही ती पेटी उघडतां येऊं नये, असा तिचा अर्थ होता.

जें कागदावर येत नाहीं त्याविषयींही जुन्या मंडळीनें विचार केलेला होता. रोम येथें इ. स. १२१५ मध्यें भरलेल्या लॅटरन धर्मसभेनें असें ठरविलें कीं, पापकबुलींत ऐकलेली गोष्ट जो धर्मगुरु बाहेर फोडील त्यानें आपल्या पदास मुकावें आणि मठांत राहून जन्मभर प्रायश्चित्त करावें. इतकी कडक शिक्षा कां? कारण एकाची गोष्ट एकदां फुटली म्हणजे पुढें शंभर जण आपलें ओझें मनांतच घेऊन मरतात.

वही भलत्या हातीं पडली म्हणजे काय होतें, याचें भयंकर उदाहरण गेल्या शतकांत जर्मनींत घडलें. तेथें जन्माची सरकारी नोंद सर्व देशभर १८७६ पासून सुरू झाली. त्यापूर्वींच्या पिढ्यांचा पुरावा चर्चच्या वह्यांतच होता. १९३३ मध्यें हिटलरचें राज्य आलें आणि सरकारी नोकरास आपले आजेआजोबा यहूदी नव्हते असें सिद्ध करावें लागूं लागलें. लोक दाखल्यांसाठीं चर्चच्या कचेऱ्यांकडे धांवले आणि तेथून ते दाखले देण्यांत आले. बर्लिन येथें तर १९३६ मध्यें प्रॉटेस्टंट मंडळीनें जुन्या वह्या एकत्र करून त्यांची पत्रकें लावण्याचें स्वतंत्र कार्यालयच उघडलें, आणि पूर्वीं बाप्तिस्मा घेतलेल्या यहूद्यांचीं व त्यांच्या वंशजांचीं नांवें तेथून सरकारास कळविण्यांत आलीं. ज्या एका ओळीनें कोणे काळीं त्या कुटुंबाचें मंडळींत स्वागत केलें होतें, तीच ओळ त्याच्या नातवंडांस हुडकून काढण्यास उपयोगीं पडली. शाई तीच, अक्षर तेंच. सांभाळणारा मात्र बदलला होता.

याच्या उलट ग्रीस देशांतील झाकिंथॉस बेटाची गोष्ट सांगतात. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन अधिकाऱ्यानें बेटावरील सर्व यहूद्यांची यादी मागितली. तेथील बिशप क्रिसॉस्टोमोस व नगराध्यक्ष लूकास कारर यांनीं यादी दिली, पण तिच्यांत दोनच नांवें होतीं: त्यांचीं स्वतःचीं. बेटावरील २७५ यहूदी खेड्यापाड्यांतून लपविले गेले आणि ते सर्व वांचले. यहूद्यांच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेनें १९७८ मध्यें या दोघांचा गौरव केला. ठेव सांभाळणें याचा अर्थ आमच्या विद्यार्थ्यांस याहून चांगला कोठें सांपडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या देशांत असा प्रसंग नाहीं, मग एवढी चिंता कशास, असें कोणी म्हणेल. तथापि आपल्याकडेही त्या वहींतील ओळ केवळ आत्मिक नसते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यापासून पाळकाच्या विवाहनोंदींस कायद्याचें महत्त्व आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंस मिळतो, १९५६ पासून शिखांस व १९९० पासून बौद्धांस मिळूं लागला. ख्रिस्ती झालेल्यास मात्र तो मिळत नाहीं. म्हणजे बाप्तिस्म्याच्या एका नोंदीवर एखाद्या विद्यार्थ्याची सवलत वा कारकुनाची नोकरी अवलंबून असूं शकते. तो आदेश न्याय्य कीं अन्याय्य, हा वाद येथें नको. आणि वहींत खोटें लिहावें असेंही आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या ओळीला एवढें वजन आहे ती कोणीही यावें आणि मोबाइलवर तिचें छायाचित्र काढून न्यावें, अशी उघड्यावर पडलेली नसावी.

देशाचा कायदाही आतां याच दिशेनें बोलूं लागला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा मनुष्याचा मूलभूत हक्क आहे. पुढें २०२३ मध्यें संगणकांतील व्यक्तिगत माहितीविषयीं कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांचा अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा आहे. माहिती कोणत्या कामासाठीं घेतली तें सांगावें, सामान्यतः संमतीवांचून घेऊं नये, काम संपल्यावर ती पुसून टाकावी, आणि अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं आईबापांची संमति घ्यावी, असा त्याचा सामान्य आशय आहे. हा कायदा पेटींतील जुन्या वहीस लागत नाहीं. पण तीच वही संगणकावर चढविली कीं लागतो. परंतु मंडळीनें कायद्याच्या धाकानें तेवढें करावें, हें आम्हांस कमीपणाचें वाटतें. ठेव सांभाळण्यास शिपायाची गरज कां पडावी?

येथें दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, मंडळी हें एक कुटुंब आहे आणि कुटुंबांत पडदा नसतो. शिवाय ख्रिस्ती मनुष्य आपली साक्ष चारचौघांत देतो, मग लपवावयाचें काय? यास आमचें उत्तर असें. बाबा पदमनजी यांनीं १८५४ मध्यें बाप्तिस्मा घेतला आणि पुढें आपल्या मनाची सारी घालमेल ‘अरुणोदय’ या पुस्तकांत स्वतः लिहिली. लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहितांना घरांतील भांडणें व फजित्या मोकळेपणानें सांगितल्या. वाचकांनीं त्यांस डोक्यावर घेतलें, कारण तोंड त्यांचें होतें आणि गोष्टही त्यांचीच होती. तीच गोष्ट शेजाऱ्यानें त्यांच्या पाठीमागें सांगितली असती तर तिला साक्ष कोण म्हणतें? आपली गोष्ट आपण सांगितली म्हणजे साक्ष. दुसऱ्याची गोष्ट त्याच्या परवानगीवांचून सांगितली म्हणजे चहाडी. प्रभूनेंही अपराधी बंधूस आधीं एकांतांत गांठून बोलावें असें शिकविलें, आणि दान उजव्या हातानें देतांना डाव्यास कळूं नये अशी इच्छा दाखविली. मग वर्गणीदारांची रकमेसह यादी फलकावर कां लागते?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गुप्ततेच्या नांवाखालीं मोठमोठे अपराध झांकले जातात, असें लोक म्हणतात. आणि तें खोटें नाहीं. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतों कीं, ठेव सांभाळणें व पाप झांकणें या दोन गोष्टी एक नव्हेत. दुर्बळाची लाज राखणें ही गुप्तता. बलवानाचा अपराध लपविणें ही लबाडी. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविषयीं २०१२ चा कायदा तर असा आहे कीं, ज्यास तें कळेल त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. न कळविणें हा गुन्हा आहे. मुलांनो, तुमच्यापैकीं कोणास कोणीं दुखविलें आणि वर ‘ही गोष्ट कोणास सांगूं नको’ असें बजावलें, तर ती ठेव नव्हे. ती ताबडतोब आईबापांस किंवा शिक्षकांस सांगा.

तर मग मंडळीनें करावें काय? आमच्या अल्प बुद्धीस सुचतें तें असें. कोणाच्या आजाराची वा अडचणीची विनंती त्याला विचारल्याशिवाय जाहीर करूं नये. ‘एका कुटुंबासाठीं’ एवढें म्हटलें तरी देवास नांव कळतें. मोबाइलच्या समूहावर इस्पितळाचें नांव, खाटेचा नंबर, मुलांचीं छायाचित्रें टाकूं नयेत. सभासदांची छापील यादी काढावयाची तर ज्याचा नंबर छापावयाचा त्यास आधीं विचारावें. जो मंडळी सोडून गेला त्याचा नंबर समूहांतून काढावा. आणि वही असो वा संगणक, दोन किल्ल्यांची जुनी रीत पुन्हा सुरू करावी. एका मनुष्याच्या खिशांतील फोनमध्यें साऱ्या मंडळीचें घरदार असूं नये. यास पैसा लागत नाहीं. थोडी लाज आणि थोडी शिस्त लागते.

शास्त्रांत मोजणीच्या दोन गोष्टी आहेत. दाविदानें आपलें बळ पाहण्यासाठीं प्रजा मोजली आणि देशावर मरी आली. मेंढपाळानें मेंढरें मोजलीं, एक कमी भरलें, आणि तो त्याला शोधावयास रानांत गेला. वही दोघांपाशींही असूं शकते. ती कशासाठीं उघडली जाते, एवढाच भेद.

त्या रविवारच्या तिसऱ्या बांकाची आम्हांस अजून आठवण होते. मंडळीच्या वहींत त्या मुलाचें नांव आहे, जन्माची तारीख आहे, वडिलांचें नांव आहे. कशाचीही उणीव नाहीं. फक्त तो मुलगा तेथें नाहीं. त्याच्या घरीं जाऊन, दार लावून, ‘आमचें चुकलें’ एवढे दोन शब्द कोणीं बोलले असते, तर वही अधिक खरी झाली असती असें आम्हांस वाटतें.