नोटेशनच्या पुस्तकांचा खरेपणा

आपल्या वाशीत गांधर्व महाविद्यालय आहे. तरी माझ्यासारखे कित्येक जण पेटी शिकतात ती भावगीतांच्या नोटेशनच्या पुस्तकांवरून. घरात शिकणारी पहिलीच पिढी, तेव्हा पुस्तकातली चूक दाखवणार कोण? भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. काफी थाटातील गंधार-निषादांखालची ती रेघ छपाईत गळाली, की थाट बिलावल होतो, आणि नवशिका तेच खरे मानून घोकतो. म्हणून पुस्तकावर विसंबण्यापूर्वी त्यातले एखादे ओळखीचे गाणे मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवून पाहावे. मींड, कणस्वर नसले तर तो गाण्याचा सांगाडा समजावा. सांगाडा चालेल, चुकीचा स्वर चालणार नाही. प्रकाशकांनी निदान शुद्धिपत्र तरी जोडावे. ज्याला शिकवणी परवडत नाही, त्याचा पुस्तक हाच गुरू असतो!