राजांचीं नांवें व परभाषेंतील चरित्रें

हॅनोव्हरचे गेओर्ग लुडविग इ. स. १७१४ मध्यें इंग्लंडच्या गादीवर बसले व पहिले जॉर्ज झाले. प्रशियाच्या फ्रीड्रिखचा इंग्रजींत फ्रेडरिक झाला, पहिल्या विल्हेल्मचा विल्यम. मात्र १९१४ मध्यें ज्याच्याशीं युद्ध जुंपलें, तो दुसरा विल्हेल्म व्हिक्टोरिया राणीचा नातू असूनही आज बहुधा विल्हेल्मच लिहिला जातो! स्नेह सरतांच नांवही परकें व्हावें, असा हा व्यवहार आम्हांस दिसतो.

परंतु मुरुडकरांनीं इंग्रजांस हंसण्याचें कारण नाहीं. खोकरीच्या घुमटांत जे सिद्दी कासीम चिरनिद्रा घेत आहेत, त्यांस औरंगजेबानें याकूतखान हा किताब दिला. एका पुस्तकांत नांव, दुसऱ्यांत नुसता किताब. अजाण वाचक एका पुरुषाचे दोन करतो. आणि आमच्या मराठी लिखाणानें तरी काय केलें? 'हबशी' या एका शब्दांत कित्येक पिढ्यांचे सत्ताधीश बुडविले. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासांतील शिवरायांच्या नांवाचें इंग्रजी रूप आम्हांस खटकतें. मग शेजाऱ्याच्या नांवाबद्दल ही बेपर्वाई कां? वैरी होता म्हणून? वैऱ्याचें नांव चुकविल्यानें आपला इतिहासच अपुरा राहतो.

जंजिरा संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें. राजनिष्ठेचा प्रश्न आतां उरला नाहीं. किल्ला पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांवर येथील पुष्कळ दुकानें चालतात. त्या व्यापाऱ्यांनीं वर्गणी काढून, संबंधित खात्याच्या अनुमतीनें, प्रत्येक कबरीजवळ नांव, किताब व कारकीर्द वेगवेगळीं लिहिलेला मराठी फलक लावावा. आरंभ खोकरीपासून करावा.