आधी दार मोजू द्या

तारापूर एमआयडीसीत नोकरीत उभी हयात काढली. आता हिचे गुडघे कुरकुरतात आणि सरावलीतला आमचा बिनलिफ्टचा तिसरा मजला डोंगर झालाय. मुलानं पुण्यातल्या ज्येष्ठांच्या वसाहतींची माहितीपत्रकं आणली. गुळगुळीत कागद, हसरे आजी-आजोबा. मी टेप काढली. आमच्या न्हाणीघराचं दार भरलं सव्वीस इंच. महारेरानं २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी नियम काढले; त्यात दार किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे पस्तीस इंच. व्हीलचेअर सरळ आत जाते. तेव्हा बाग, ग्रंथालय मागाहून दाखवा. आधी दार मोजू द्या, आणि देखभाल खर्च दरवर्षी किती वाढणार ते करारात लिहा.

हिचा प्रश्न वेगळाच: "तिथं सकाळी ताजे बोंबील घेऊन दारात कोण येणार?"