वायरचा स्पीकर की बिनवायरचा?

सकाळी वंदना पुढच्या खोलीत लागते आणि माय मागे चुलीपाशी असते. तिलाही ऐकू यावी म्हणून दुसरा स्पीकर हवाच. ब्लूटूथचा घ्यावा काय? साध्या स्पीकरचा पल्ला मोकळ्यात साधारण १० मीटर. आमच्या भंडाऱ्याकडच्या जाड मातीच्या भिंतीआड आवाज तुटतो, वर चार्जिंगची कटकट. वाय-फायचे स्पीकर बरोबर वाजतात, पण राऊटर लागतो, खर्च वाढतो. आमचे मत वायरला! ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास भार ४ ओहम होतो. तेवढा झेपणाराच अ‍ॅम्प्लिफायर घ्या. वायर तांब्याची, विजेच्या वायरीपासून दूर. भाड्याच्या खोलीत मात्र ब्लूटूथच बरा. १४ एप्रिलला वामनदादा कर्डकांची गाणी लावाल तेव्हा मायला पुढे बसवा, चूल पोरांनी सांभाळावी.